नगर जिल्ह्याच्या वाटा आणि त्यांवरून गेलेली मुले: उन्हाळी सहलीसाठी एक धागा

१/ उन्हाळ्याची सुट्टी लागली की नगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर कुटुंबांच्या गाड्या दिसू लागतात. शिर्डी, शनिशिंगणापूर, सिद्धटेक, भंडारदरा ही नेहमीची ठिकाणे. पुढे आईवडील, मागे मुले, डिकीत पाण्याचे कॅन आणि चिवड्याचे डबे. मागून येणारा प्रश्नही ठरलेलाच: अजून किती लांब? या धाग्यात त्याच रस्त्यांचा इतिहास सांगायचा आहे, परंतु तो मुलांच्या बाजूने. या वाटांवरून शतकानुशतके मुले गेली आहेत. त्यांतील फारच थोडी सुट्टीसाठी निघाली होती. #धागा

२/ आधी भूगोल. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे १७,००० चौरस किलोमीटर, १४ तालुके. पश्चिमेस अकोल्याचा सह्याद्री, उत्तरेस गोदावरी आणि प्रवरा, दक्षिणेस भीमा. पैठण, दौलताबाद, जुन्नर, पुणे, नाशिक या साऱ्यांच्या मधोमध हा प्रदेश येतो. त्यामुळे सैन्ये, व्यापारी, यात्रेकरू आणि भटके समाज यांना येथून जावेच लागे. २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. जुन्या घटना सांगताना त्या काळातील नाव आणि एरवी बोलण्यातले 'नगर' हे नाव मी वापरणार आहे.

३/ चाकापासून आरंभ करू. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे गाव आहे. तेथे १९७४ मध्ये एका झाडाच्या मुळाशी खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात एक मनुष्य उभा आहे. चारही वस्तूंचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्यांच्या नेमक्या काळाविषयी पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. उत्तर हडप्पा काळापर्यंत त्या मागे नेल्या जातात. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट एवढीच की या जिल्ह्यातील 'गाडी'चे सर्वांत जुने चित्र म्हणजे दोन बैलांचा हा रथ.

४/ त्याच प्रवरेवर संगमनेर तालुक्यात जोर्वे आहे. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला याच गावावरून 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. प्रवरेच्या काठाने पूर्वेला गेले की नेवासे लागते. तेथे १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. घरांच्या जमिनीखाली मातीचे रांजण सापडले. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि त्यांत लहान मुलांच्या अस्थी. एका मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते आणि मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे अवशेषही टिकले होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी गेलेले मूल गावाबाहेर नेले नाही. ते आपल्याच घरात, पायाखालच्या मातीत जवळ ठेवले.

५/ नेवासे म्हटले की आपल्याला आठवते ती ज्ञानेश्वरी. परंतु ज्ञानेश्वरीच्या आधी एक प्रवास आहे. परंपरा सांगते की संन्यासी होऊन पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांच्या चार मुलांना आळंदीकरांनी वाळीत टाकले. आईवडिलांनी देहत्याग केला. 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवली गेलेली ही चार भावंडे शुद्धिपत्र मागण्यासाठी पैठणला चालत गेली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि सर्वांत धाकटी मुक्ताई. सोबत वडीलधारे कोणी नाही. आज आळंदी ते पैठण गाडीने जाणाऱ्यास नगर जिल्हा आडवा ओलांडावा लागतो.

६/ पैठणहून परतताना ही भावंडे नेवाशास थांबली. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. हे वर्ष, रामचंद्र यादवाचे राज्य आणि सच्चिदानंद हा लेखक, यांचा उल्लेख ग्रंथाच्या शेवटी आहे. जन्मवर्षाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार त्या वेळी ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते, दुसऱ्यानुसार एकोणीस. मुक्ताई अकरा ते तेरा वर्षांची. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो 'पैस' खांब आजही नेवाशाच्या मंदिरात आहे. समाजाने दार लावलेल्या मुलाने ग्रंथाच्या शेवटी अवघ्या विश्वासाठी मागणे मागितले. पसायदान रोज म्हणणाऱ्या मुलांना ही पार्श्वभूमी सांगितली, तर त्या ओळींचा अर्थ बदलून जातो.

७/ आता शहराकडे वळू. अहमदनगरची स्थापना मलिक अहमद निजामशहाने केली. १४९० मध्ये त्याने बहमनी सेनेचा पराभव केला आणि १४९४ च्या सुमारास शहर वसवण्यास आरंभ झाला. फिरिश्ता हा इतिहासकार या घराण्याचे मूळ सांगतो. मलिक अहमदचा बाप निजामुल्मुल्क मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता. विजयनगरच्या मोहिमेत लहानपणीच तो बहमनी सैन्याच्या हाती सापडला आणि दरबारात वाढला. पूर्वज पाथरीचे, असेही तो नोंदवतो. म्हणजे ज्या निजामशाहीचे वैभव आपण पाहायला जातो, तिच्या मुळाशी युद्धात पकडून नेलेला एक मुलगा आहे.

८/ दुसरा मुलगा याहून दूरचा. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला चापू बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान आणि बगदाद या मार्गाने हात बदलत तो दख्खनमध्ये आला. येथे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले; हा चंगेजखान स्वतःही हबशी होता. तोच मुलगा पुढे मलिक अंबर झाला. नगर शहराजवळच्या भातोडी येथे १६२४ मध्ये त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीची वाट चिखलात बुडवणे, हा त्या लढाईतील प्रसिद्ध डाव. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. भातोडीचा तलाव आजही आहे. तेथे मुलांना नकाशा उघडून इथिओपिया दाखवावा.

९/ नगरचा भुईकोट किल्ला. येथे चांदबिबीची गोष्ट सर्वजण सांगतात. ती हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. ही गोष्ट खरी आहे, आणि थोर आहे. परंतु हा तट कोणासाठी राखला जात होता, हे सहसा सांगितले जात नाही. गादीचा वारस बहादूर हा तेव्हा अगदी लहान मूल होता.

१०/ बापाच्या मृत्यूनंतर दरबारातील एका गटाने या मुलाला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत ठेवले होते. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना देऊन तह झाला, तेव्हा त्याला आणून गादीवर बसवण्यात आले. चारच वर्षांनी, १६०० च्या ऑगस्टमध्ये, मोगल पुन्हा आले. चांदबिबीला तिच्याच माणसांनी ठार केले, किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. चावंड, नगर, ग्वाल्हेर: त्याच्या लहानपणाचा एवढाच प्रवास. मधल्या मुक्कामात तो सुलतान होता आणि दोन्ही टोकांना कैदी.

११/ एक दुरुस्ती येथेच करून घ्यावी. शहराच्या पूर्वेस, पाथर्डी रस्त्याने जाताना डोंगरावर जी अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसते, तिला सर्वजण 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. ती प्रत्यक्षात मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. लोकस्मृतीने शहरातील सर्वांत दिमाखदार वास्तू सर्वांत लाडक्या व्यक्तीच्या नावे करून टाकली. मुलांना इतिहास आणि लोककथा यांतील फरक समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. संध्याकाळी वरून सारे शहर दिसते.

१२/ संगमनेर तालुक्यात पेमगिरी आहे. गावाजवळचा प्रचंड विस्ताराचा वड पाहायला अनेक कुटुंबे जातात. किल्ल्यावर मात्र थोडेच चढतात. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि निजामशाही संपली असे वाटले. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील मुर्तझा नावाचा एक मुलगा जीवधन किल्ल्यावरून आणला आणि पेमगिरीवर त्याला गादीवर बसवले. त्याच्या नावाने शहाजीराजांनी सुमारे तीन वर्षे मोगल आणि आदिलशाही यांना तोंड दिले. १६३६ मध्ये माहुलीला वेढा पडला, तह झाला, आणि तो मुलगा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला.

१३/ शहाजीराजांच्या या प्रयोगाला आपल्या इतिहासात मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. स्वतंत्रपणे राज्य चालवण्याचा अनुभव या तीन वर्षांत आला. तरीही पेमगिरीच्या माथ्यावर उभे राहून दुसरा प्रश्न विचारता येतो: त्या मुर्तझाला हे सारे कसे दिसले असेल? कागदपत्रांत त्याचा शब्दही नाही. त्याला कोठून उचलले, कोठे बसवले आणि कोणाला सोपवले, एवढेच लिहिले गेले. इतिहासात मुलांची नोंद बहुधा अशी वस्तूसारखी असते. त्यांना कोणी आणले, कोणी नेले.

१४/ श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव, म्हणजेच बहादूरगड. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजीराजांना कैद करून येथे औरंगजेबापुढे आणले गेले. मराठी माणूस या ठिकाणी मूक होतो. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि येसूबाई व शाहूराजे मोगलांच्या हाती आले. शाहूंचा जन्म १८ मे १६८२ चा; म्हणजे वय सात. तेथून पुढे सुमारे अठरा वर्षे हा मुलगा मोगल छावणीत वाढला. छावणी म्हणजे तंबूंचे चालते शहर. बादशहा हलला की सारे हलायचे. औरंगजेबाची कन्या झीनतुन्निसा या मायलेकांशी ममतेने वागे, असे इतिहासकार सांगतात. तरीही ती कैदच होती.

१५/ या प्रवासाचा शेवट नगरलाच झाला. १७०६ च्या आरंभी थकलेला औरंगजेब अहमदनगरला परतला आणि १७०७ मध्ये शहरालगत भिंगारजवळ मरण पावला. ती जागा 'आलमगीर' नावाने ओळखली जाते. दफन खुलताबादला झाले. त्यानंतर आझमशहा उत्तरेकडे निघाला आणि वाटेत, माळव्यात, शाहूंची सुटका झाली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. सात ते पंचवीस. मुलाचा तरुण होण्याचा सारा काळ रस्त्यावर आणि पहाऱ्यात गेला. पुढे छत्रपती म्हणून शाहूंच्या ठायी जो समजूतदारपणा दिसतो, त्याचा विचार करताना ही अठरा वर्षे विसरता येत नाहीत.

१६/ याच कथेचा एक धागा पाथर्डी तालुक्यातील मढी येथे सापडतो. कानिफनाथांचे हे स्थान टेकडीवर आहे आणि बांधणी किल्ल्यासारखी आहे. शाहूंच्या सुटकेसाठी येसूबाईंनी येथे नवस केला आणि सुटकेनंतर बांधकाम करून दिले, अशी परंपरा आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत येथे यात्रा भरते. गाढवांचा बाजार हे तिचे वैशिष्ट्य. भटक्या समाजांची कुटुंबे मुलाबाळांसह येथे एकत्र येत. सोयरिकी जुळत, तंटे मिटत. ज्यांना गावाच्या वेशीत जागा नव्हती, त्यांचे वर्षातून एकदा भरणारे गाव म्हणजे मढी. कुटुंबाने मुलांसह उन्हाळ्याच्या तोंडी केलेला प्रवास, या अर्थी ही यात्रा आपल्या सहलींहून कितीतरी जुनी आहे.

१७/ जामखेड तालुक्यातील चोंडी. येथे ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मल्हारराव होळकर फौजेसह या वाटेने जात असता देवळात त्यांनी या मुलीला पाहिले आणि सून म्हणून तिची निवड केली, अशी कथा सांगितली जाते. विवाह १७३३ मध्ये झाला; वय आठ वर्षे. एका लहान गावातील मुलगी माळव्यात जाऊन पडली. त्या काळी हे सर्वच मुलींच्या वाट्याला येई. सासर हा प्रत्येक मुलीचा पहिला लांबचा प्रवास असे, आणि तो तिने निवडलेला नसे.

१८/ पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केले. काशी, गया, सोमनाथ, द्वारका, रामेश्वर. देशभर त्यांनी मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली. या यादीकडे प्रवाशाच्या डोळ्यांनी पाहावे. वाटेत पाणी, रात्री निवारा, भुकेला अन्न आणि नदीवर उतरायला पायऱ्या. कुटुंबकबिला घेऊन निघालेल्या माणसाला यापेक्षा अधिक काय हवे असते? यात्रा हेच तेव्हा सामान्य कुटुंबाचे एकमेव मोठे भ्रमण होते, आणि त्यातील बायका-मुलांचे हाल या कामांनी कमी केले. जिल्ह्याला त्यांचे नाव देताना ही बाजूही आठवावी.

१९/ मग सुट्टीसाठीचा प्रवास केव्हा सुरू झाला? त्यासाठी दोन गोष्टी लागल्या: शाळा आणि स्वस्त वाहन. शाळा आल्या तशी 'उन्हाळ्याची सुट्टी' आली. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगर, बेलापूर, कोपरगाव ही स्थानके रेल्वेने जोडली गेली. तरी रेल्वे गावात येत नव्हती. स्थानकापासून पुढे बैलगाडी किंवा पायपीट. मुलांच्या दृष्टीने उन्हाळ्याचा प्रवास म्हणजे मामाचा गाव. गाडीत गवताची गादी, वर घोंगडी आणि पहाटेच्या गारव्यात निघणे. दुपारची वाट टाळावी, हे शहाणपण तेव्हाचे आहे आणि आजही लागू आहे.

२०/ चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते १ जून १९४८ रोजी. त्या दिवशी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. बेडफर्ड कंपनीची गाडी, लाकडी बांधणीचा सांगाडा, काथ्याची आसने. त्यापूर्वी खासगी मोटारी होत्या. पण त्या भरतील तेव्हा सुटत. एसटी वेळापत्रकाने सुटू लागली, आणि हळूहळू ती रेल्वे नसलेल्या गावांतही पोचली. पाच वर्षांखालील मूल विनातिकीट, बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. या 'अर्ध्या तिकिटा'ने महाराष्ट्राच्या कौटुंबिक जीवनात जे केले, त्याचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. तीन मुलांना घेऊन माहेरी जाणे शेतकरी बाईला परवडू लागले. सासरच्या त्या एकतर्फी वाटेला परतीची फेरी मिळाली.

२१/ हे लक्षात घेतले की नगरच्या भुईकोटाकडे आणखी एका नजरेने पाहता येते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य येथे बंदिवान झाले: नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि इतर. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये येथेच लिहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांच्या नातवाचा, राजीव यांचा, जन्म झाला. आजोबा तटाच्या आत होते. आझादांच्या पत्नीचे कलकत्त्यात १९४३ मध्ये निधन झाले, तेव्हाही ते याच किल्ल्यात होते. आपल्या माणसांकडे जाता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते या दोन प्रसंगांतून मुलांना समजावे.

२२/ शेवटी भंडारदरा. प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत ऊस आणला. १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांच्या मालकीचा हा प्रयोग साऱ्या देशाने पाहिला. परंतु ऊस तोडायला माणसे लागतात. ती आली बीडहून, आणि याच जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागातून: पाथर्डी, शेवगाव, जामखेड. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे.

२३/ बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाजरीचे पोते, कोंबड्या आणि मुले. फडाजवळ पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने. साखरशाळा काही ठिकाणी निघाल्या. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांचीही सोय झाली. तरीही अनेक मुलांचे शाळेचे निम्मे वर्ष बुडते आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळत फडाच्या बांधावर बसते. ही कुटुंबे परततात ती साधारण मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे आपली गाडी सहलीसाठी बाहेर पडते, त्याच्या थोडे आधी त्याच रस्त्याने दुसरी मुले घरी परतलेली असतात. त्यांची परीक्षा बहुधा चुकलेली असते.

२४/ आता व्यवहाराचे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून विदर्भातील कुटुंबांनाही हा जिल्हा जवळ आला आहे. माझी सूचना तीन भागांची:
• शहर आणि पूर्व: भुईकोट, सलाबतखानाची कबर, भातोडी, मढी.
• प्रवरेचा काठ: नेवासे, दायमाबाद, जोर्वे, पेमगिरी, भंडारदरा, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर.
• दक्षिण: चोंडी, खर्डा, पेडगाव, सिद्धटेक.
भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे. प्रवेशाचे नियम आधी पाहून जावे. मे अखेरीस भंडारदऱ्याकडे काजवे दिसतात. तेथे झाडांवर टॉर्च मारू नये, गाडीचे दिवे बंद ठेवावे. सकाळी सहाला निघावे, अकरा ते चार सावलीत काढावे.

२५/ या सहलीत मुलांना सनावळी पाठ करायला लावू नये. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: तुझ्या वयाचे मूल येथे कोण होते, आणि ते येथे कसे आले? नेवाशाला मुक्ताई भेटेल, भुईकोटात बहादूर, पेमगिरीवर मुर्तझा, पेडगावला शाहू, चोंडीला अहिल्या. लोणीच्या रस्त्यावर उसाची रिकामी ट्रॉली दिसली तर तिच्याविषयीही बोलावे. आपले मूल मागच्या आसनावर कंटाळून बसू शकते, हे या जिल्ह्याच्या दीर्घ इतिहासात फार थोड्या मुलांना मिळालेले सुख आहे. ते सर्वांना मिळावे, असे त्या मुलाला वाटले तर सहल सार्थकी लागली.

आपल्या घरातील आजी-आजोबांना त्यांचा पहिला एसटी प्रवास विचारा आणि येथे खाली लिहा. गाव, साल आणि सोबत कोण होते, एवढे पुरे. असे तपशील दप्तरखान्यात सापडत नाहीत. (धागा समाप्त)